किरायाच्या घरी लाइट बिल येतच नाही: कुठं अडकतं, कसं सोडवायचं

तालुक्याच्या गावी किरायानं राहणाऱ्यांकडून एक तक्रार मी सतत ऐकते. कधी नव्यानं बदलून आलेली शिक्षिका, कधी प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्स, कधी बँकेत नुकताच लागलेला पोरगा. "दोन महिने झाले, लाइट बिलच आलं नाही. मालकाला विचारलं तर म्हणतात, येईल." आणि मग एक दिवस लाइनमन थकबाकीची यादी घेऊन दारात उभा राहतो, तेही ऐन मे महिन्यात, घरात कूलर चालू असताना.

मी यवतमाळ जिल्ह्यात शिक्षिका आहे. बदल्यांमुळे बऱ्याच किरायाच्या घरांत राहून झालं, त्यामुळे यातल्या बहुतेक गाठी ओळखीच्या आहेत. त्या कशा सोडवायच्या ते एकदा नीट लिहून ठेवते.

सगळ्यात आधी हे पक्कं समजून घ्या की कागद आला नाही म्हणजे बिल निघालं नाही असं नसतं. महावितरणच्या संगणकावर तुमच्या मीटरचं बिल त्या त्या महिन्यात निघालेलंच असतं आणि मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जाते. कागद तुमच्या हाती कधी पडला याच्याशी तिचा संबंध नाही. बिलावर छापलेल्या आधीच्या तारखेच्या आत भरलं तर सुमारे एक टक्का सूट मिळते, ती जाते. शेवटची तारीख उलटली की सव्वा टक्का विलंब आकार लागतो. पुढच्या बिलात ही रक्कम थकबाकी म्हणून दिसते, आणि मग तोडणीच्या यादीत नाव. म्हणून "बिल येईल तेव्हा भरू" हे धोरण किरायेदारानं ठेवूच नये.

बारा आकडे मिळवा

सगळी चावी एका नंबरात आहे: ग्राहक क्रमांक, बारा आकडी. त्याच्या सोबत बिलिंग युनिटचा चार आकडी नंबर. हे दोन हातात असले की महावितरणच्या वेबसाइटवर किंवा मोबाइल ॲपवर बिल बघता येतं, उतरवून घेता येतं, भरता येतं. ॲपमध्ये तुमच्या स्वतःच्या नावानं खातं उघडून त्यात मालकाचं कनेक्शन जोडता येतं. त्यासाठी मीटर तुमच्या नावावर असायची गरज नाही.

नंबर मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे मालकाकडचं कोणतंही जुनं बिल, मग ते चार वर्षांपूर्वीचं का असेना. ग्राहक क्रमांक बदलत नाही. फक्त त्यावरचा मीटर क्रमांक जुना असू शकतो, कारण मधल्या काळात मीटर बदललेलं असतं. जुनं बिलही नसेल तर मालकाच्या मोबाइलमधले महावितरणचे मेसेज बघायला सांगा, त्यात ग्राहक क्रमांक असतो. मालक नागपूरला किंवा पुण्याला मुलाकडे राहायला गेले असतील आणि फोन उचलत नसतील, तर मीटरवर छापलेला मीटर क्रमांक लिहून घ्या, मीटरचा स्पष्ट फोटो काढा आणि महावितरणच्या शाखा कार्यालयात जा. मीटर क्रमांकावरून ग्राहक क्रमांक शोधता येतो. बिलिंग युनिट शेजाऱ्याच्या बिलावरूनही कळतं, कारण एका उपविभागाचं ते बहुतेक एकच असतं.

नंबर टाकल्यावर ॲप नाव दाखवतं. पैसे भरायच्या आधी ते नाव वाचा. खेड्यात हे नाव बऱ्याचदा आताच्या मालकाचं नसतं. त्यांच्या वडिलांचं, क्वचित आजोबांचं असतं. आडनाव जुळत असेल तर मालकाला एकदा विचारून पुढे जा. आडनावच वेगळं निघालं तर थांबा. एक आकडा चुकला की दुसऱ्याच्याच घरचं बिल भरलं जातं आणि ते पैसे परत मिळवायला अर्ज, चकरा, सगळं आलं.

कागद जातो कुठं

कारणं तशी मोजकीच, पण प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

अलीकडे जास्त सापडणारं कारण म्हणजे 'गो-ग्रीन'. मालकानं किंवा त्यांच्या मुलानं ही योजना घेतली की बिलात थोडी सूट मिळते आणि छापील बिल बंद होतं. बिल ई-मेलवर आणि एसएमएसवर जातं, तेही मालकाच्या. तुम्ही दारात कागदाची वाट बघत बसता, आणि कागद निघतच नाही. मालकाला विचारलं तर उत्तर येतं, "बिल तं मले मोबाइलवर येते ना, तुमाले कागद कायले पायजे?" यात भांडायचं कारण नाही. योजना चांगलीच आहे. आलेला मेसेज त्याच दिवशी तुम्हाला पुढे पाठवायचं एवढंच ठरवून घ्या, किंवा ॲपमध्ये कनेक्शन जोडून मोकळे व्हा.

दुसरं कारण पत्त्याचं. गावात घरक्रमांक बघून बिल वाटणारा माणूस विरळाच. तो नाव ओळखतो. बिलावर जे नाव आहे त्या नावाचा वाडा गावात जिथं आहे तिथं तो बिल टाकतो, आणि तुमचा फ्लॅट बसस्टँडमागच्या नव्या ले-आउटमध्ये असतो. कधी पूर्ण गल्लीची बिलं एका किराणा दुकानात ठेवलेली असतात. तिथं एकदा जाऊन बघा. वाटणाऱ्या पोराला गाठून "हे नाव म्हणजे हे घर" असं समजावून सांगितलं, आणि मीटरपेटीच्या बाजूला ग्राहक क्रमांक व तुमचा फोन नंबर पक्क्या शाईनं लिहून ठेवला, तर हा प्रश्न तिथंच मिटतो.

तिसरं कारण जास्त महागात पडतं: मीटर कुलपाच्या आत. जुन्या घरांत मीटर ओसरीत किंवा आतल्या खोलीत असतं. तुम्ही दिवसभर ड्यूटीवर, दाराला कुलूप. रीडिंगवाला येतो, परत जातो आणि बिल सरासरीवर निघतं. "दार बंद होतं ना मॅडम, मंग कसं घेऊ रीडिंग?" त्याचंही बरोबर आहे. बिलावर चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी लॉक किंवा रीडिंग उपलब्ध नाही अशा अर्थाचा शेरा दिसला तर समजा हेच झालंय. ॲपमधून स्वतः मीटरचा फोटो काढून ठरलेल्या मुदतीत रीडिंग पाठवायची सोय आहे, ती वापरा. कायमचा इलाज म्हणजे मीटर बाहेर दर्शनी भागात घेणं. ते मालकानं अर्ज देऊन करायचं काम आहे, पण पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.

आता नवीन टीओडी मीटर, म्हणजे लोक ज्याला स्मार्ट मीटर म्हणतात ते, बसतायत. तिथं रीडिंगला माणूस येत नाही, आकडा आपोआप जातो. त्यामुळे "रीडिंगवाला आला नाही म्हणून बिल आलं नसेल" हा अंदाज अशा घरात लावू नका.

मीटर तुमचंच आहे का

तालुक्यात आता दोन-तीन मजली फ्लॅट स्कीम झाल्यात. जिन्याखाली एका लाकडी फळीवर सहा-आठ मीटर ओळीनं, वायरींचा गुंता आणि खडूनं लिहिलेले, अर्धे पुसलेले नंबर. इथं बिल गहाळ होत नाही, शेजाऱ्याकडे जातं आणि शेजारी इमानदारीनं तुमचं बिल भरत असतो. किंवा उलट.

तपासायची रीत सोपी आहे. घरात इस्त्री लावा, बाकी सगळं बंद करा. एकाला घरात ठेवा आणि आपण जिन्याखाली जाऊन मीटरांवरचे बारीक लाल दिवे बघा. इस्त्री चालू असताना एका मीटरचा दिवा भराभर लुकलुकेल. फोनवर सांगून इस्त्री बंद करायला लावा, त्या मीटरचं लुकलुकणं थांबलं पाहिजे. मग मेन स्विच पाडून पुन्हा बघा. ज्या मीटरवर फरक पडला तेच तुमचं. त्याचा क्रमांक बिलावरच्या मीटर क्रमांकाशी ताडून बघा, एकेक आकडा. मेन पाडूनही दिवा लुकलुकत राहिला तर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कुणाची तरी लाइन आहे: पाण्याची मोटर, जिन्यातला बल्ब किंवा शेजारची खोली. वायरींना स्वतः हात लावू नका. फोटो आणि व्हिडिओ काढा, मालकाला दाखवा आणि शाखा कार्यालयात लेखी कळवा.

एकदम मोठं बिल आलं तर

मधली बिलं आली नाहीत आणि एके दिवशी भलामोठा आकडा समोर आला, तर भरायच्या आधी वहीत हिशोब मांडा.

घरगुती बिलात टप्पे असतात: पहिली १०० युनिटं, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, मग त्यावरची. पहिल्या टप्प्याच्या मानानं दुसऱ्याचा दर दुपटीच्या आसपास जातो. समजा एक महिना रीडिंग झालं नाही आणि दुसऱ्या महिन्यात एकदम २६० युनिटं दिसली. ती एकाच महिन्याची धरली तर १०० युनिटं स्वस्त दरानं आणि १६० महाग दरानं पडतात. दोन महिन्यांची धरली तर महिन्याला १३०, म्हणजे एकूण २०० युनिटं स्वस्त दरानं आणि फक्त ६० महाग दरानं. वीज तेवढीच, पण पैशात बराच फरक. म्हणून बिलावर किती महिन्यांचा वापर धरलाय ते बघा, मधल्या काळात सरासरीनं भरलेली रक्कम वजा केली आहे का ते बघा, आणि नसेल तर उपविभागाच्या बिलिंग विभागात दुरुस्तीचा अर्ज द्या. ही दुरुस्ती मागणं तुमचा हक्क आहे, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. उन्हाळ्यात तर हे जरूर करा. आपल्याकडे मार्च संपता संपता कूलर सुरू होतो तो मृग लागेपर्यंत चालतो, आणि एवढी युनिटं एका महिन्यात कोंबली गेली तर बिल तिसऱ्या टप्प्यात जाऊन बसतं.

रक्कम जास्त झाली की आणखी एक अडचण येते. घरगुती ग्राहकाला एका महिन्यात ५,००० रुपयांपर्यंतच रोखीनं भरता येतात. त्यापुढची रक्कम ऑनलाइन किंवा चेकनं. भरणा केंद्राच्या रांगेत उभं राहून हे कळण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

नोटीस आणि खोटे मेसेज

वीज कायदा २००३ चं कलम ५६ लक्षात ठेवा. थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. अडचण अशी की ही नोटीस नोंदवलेल्या मोबाइलवर मेसेजनंही येते, आणि तो मोबाइल मालकाचा. म्हणून लाइनमन आला की आधी शांतपणे विचारा, "नोटीस कधीची आहे, दादा?" मग मालकाला फोन लावा. त्याच कलमात अशीही तरतूद आहे की रकमेबद्दल वाद असेल तर मागितलेली पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं येणारी रक्कम, यातली जी कमी ती निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. आणि दोन वर्षांपेक्षा जुनी रक्कम, जी मधल्या बिलांमध्ये सलग थकबाकी म्हणून दाखवलेली नाही, ती अचानक वसूल करता येत नाही. जुन्या किरायेदाराची थकबाकी तुमच्या माथी आली तर हे कामी पडतं.

ज्यांना बिल मिळत नाही असे लोक फसवणाऱ्यांच्या हाती लवकर सापडतात, म्हणून हे कळकळीनं सांगते. "तुमचं मागचं बिल अपडेट झालं नाही, आज रात्री वीज कापली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा" असा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला, तर तो खोटा. महावितरणच्या मेसेजवर पाठवणारा म्हणून कंपनीचं नाव दिसतं, कुणाचा खासगी मोबाइल नंबर नाही. कुठलीही लिंक उघडू नका, सांगितलेलं ॲप टाकू नका, ओटीपी देऊ नका. शंका आली तर १९१२ किंवा १८००-२१२-३४३५ वर फोन करून ग्राहक क्रमांक सांगा, खरी थकबाकी लगेच कळते.

मालकाशी कसं बोलावं

आपल्याकडे किराया म्हणजे नुसता व्यवहार नसतो. मालकीणकाकू सणाला पुरणपोळी पाठवतात, तुम्हीही त्यांचं औषध तालुक्याहून आणून देता. त्यामुळे बिल मागायला जीभ रेटत नाही. मी नेहमी लिहून पाठवते. त्यात कटुताही येत नाही आणि नोंदही राहते. साधारण असं:

"काका, नमस्कार. या महिन्याचं लाइट बिल अजून मिळालं नाही. ग्राहक क्रमांक पाठवता का? मी ॲपवर बघून दर महिन्याला वेळेत भरत जाईन आणि पावती तुम्हाला पाठवीन. आजचं मीटर रीडिंग अमुक आहे, फोटो सोबत पाठवते."

शेवटचं वाक्य गाळू नका. उद्या कुणी म्हणालं की एवढी युनिटं तुम्हीच जाळली, तर तारखेसकट फोटो तुमच्या बाजूनं बोलतो.

सबमीटरचा मामला वेगळा. एका मीटरवर तीन-चार खोल्या आणि मालक ठरावीक दरानं युनिटचे पैसे घेतात, तिथं तुम्हाला बिल मिळणारच नाही, कारण तुमच्या नावचं किंवा खोलीचं बिलच नसतं. अशा ठिकाणी मूळ बिलाची प्रत दर महिन्याला बघायला मागा. सगळ्या खोल्यांची युनिटं एका मीटरवर जमा झाल्यानं दर वरच्या टप्प्याचा पडतो, हे मालकाचं म्हणणं खरं असू शकतं. पण बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिटं केलं की युनिटमागे खरा दर किती ते दोघांनाही कळतं, आणि तेवढाच घ्यावा असं म्हणायला जागा मिळते. बरीच वर्षं राहायचं असेल तर वेगळं मीटर मागा. कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे जागेत राहणारा माणूसही वीजजोडणीसाठी अर्ज करू शकतो. प्रत्यक्षात मालकाचं संमतीपत्र मागतात, तेव्हा त्यांना आधी विश्वासात घ्या.

तोंडी सांगून होत नसेल तर

शाखा कार्यालयात तोंडी सांगितलेलं हवेत जातं. साध्या कागदावर अर्ज लिहा: ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, कोणत्या महिन्यांची बिलं मिळाली नाहीत, आजचं रीडिंग आणि तुम्ही त्या जागेत किरायानं राहता हे स्पष्ट. दोन प्रती न्या. एक द्या आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख व सही घ्या. शिक्का मिळेपर्यंत टेबलापाशी थांबा. कुणी म्हणालं की "मीटर तुमच्या नावावर नाही, मालकाला पाठवा", तर नम्रपणे सांगा की ज्या जागेला वीजपुरवठा जोडलेला आहे तिथं राहणाऱ्यालाही वीज कायद्याच्या व्याख्येत ग्राहक धरलं आहे. तरीही हललं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल. विदर्भासाठी लोकपालाचं कार्यालय नागपूरलाच आहे, मुंबईला जावं लागत नाही. मंचापुढे वकील लागत नाही, कागद मात्र लागतात, आणि शिक्का मारलेली ती प्रत तिथं पहिली विचारतात.

पाण्याचं काय

ग्रामपंचायतीची पाणीपट्टी वर्षाची असते आणि घरपट्टीसोबत मालकाच्या नावावर निघते. तिचा कागद किरायेदारापर्यंत येतच नाही, थेट मार्चमधली वसुली येते. ग्रामपंचायतीत नमुना ९, म्हणजे मागणीची नोंदवही, त्यात घरक्रमांकावर किती बाकी आहे ते दिसतं. ते बघून मालक किती देणार, तुम्ही किती, हे घर घेतानाच बोलून घ्या. भरलं की नमुना १० ची पावती मागा. यवतमाळ आणि अमरावती शहरात महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाण्याचं वेगळं बिल देतं, तिथं लाइट बिलासारखाच ग्राहक क्रमांक जपून ठेवा.

घर सोडताना

शेवटच्या दिवशी सामान गाडीत चढवायच्या आधी मीटरचा फोटो काढा, मीटर क्रमांक आणि रीडिंग दोन्ही एकाच फोटोत दिसतील असा. शेवटच्या बिलानंतर जळालेली युनिटं मोजून तेवढे पैसे मालकाला द्या आणि अनामत रक्कम घेतानाच मेसेजवर लिहून घ्या की अमुक तारखेपर्यंतचा लाइटचा हिशोब पूर्ण झाला. ॲपमधून ते कनेक्शन काढून टाका, नाहीतर पुढच्या किरायेदाराची बिलं तुमच्या मोबाइलवर येत राहतील. आणि तो ग्राहक क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून मीटरपेटीच्या आतल्या बाजूला चिकटवून जा, नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी मिळेल.